मे महिन्यात बंद पडलेली जीसी-एमएस: संगणक, हवेची गळती आणि कोरडं पडलेलं अर्थिंग

ही जीसी-एमएस, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र, नागपुरातल्या एका चाचणी प्रयोगशाळेतली आहे. संत्र्यातले आणि भाजीपाल्यातले कीडनाशकांचे अंश तिच्यावर तपासतात. सिंगल क्वाड्रुपोल (आयन वस्तुमानाप्रमाणे गाळणाऱ्या चार दांड्या), इलेक्ट्रॉन आयनायझेशन (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने आयन करणं), व्हॅक्यूमसाठी टर्बो पंप, त्याच्या मागे तेलाचा रोटरी पंप आणि चालवायला विंडोज एक्सपीचा संगणक. मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी वीज गेली. यूपीएसने चाळीस मिनिटं तग धरला आणि मग सगळं एकदम बंद पडलं. ट्रान्सफर लाइन (जीसीकडून एमएसकडे जाणारी गरम नळी) २८० अंशांवर होती, सोर्स (जिथे आयन तयार होतात) २३० वर, क्वाड्रुपोल १५० वर. वीज रात्री आली. सोमवारी सकाळी संगणकावर निळा पडदा होता, रोटरी पंप चालू होता आणि जीसीच्या पॅनेलवर ‘नॉट रेडी’ लिहून येत होतं.

यात एकमेकांशी संबंध नसल्यासारखे दिसणारे दोष एकत्र होते. ते शोधायला आणि काढायला आम्हाला आठवडा लागला. ज्या क्रमाने काम केलं त्याच क्रमाने इथे लिहीत आहे. सोमवारी घाईने यंत्र व्हेंट करून, म्हणजे आत हवा सोडून, सोर्स उघडला असता तर गळती कुठे होती याचा पुरावाच हातातून गेला असता. व्हॅक्यूम आहे तोवरच यंत्र आपल्या गळतीबद्दल सांगू शकतं.

पहिला प्रश्न एवढाच की दोष यंत्रात आहे, संगणकात आहे की दोघांमधल्या तारेत. संगणक बंद असतानाही यातलं बरंच कळतं. रोटरी पंप सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं गुळगुळ आवाज करतो आणि मग शांत घरघरीवर येतो. गुळगुळ थांबलीच नाही तर मोठी गळती आहे, बहुधा बाजूचं झाकण नीट बसलेलं नाही किंवा व्हेंट व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे. आमचा पंप शांत होता. टर्बोची बारीक शिटी यंत्राला कान लावला की ऐकू येत होती. हेलियमच्या सिलेंडरवर ६० बार दाब शिल्लक होता. म्हणजे यंत्र जिवंत होतं आणि व्हॅक्यूम बऱ्यापैकी टिकून होता. त्याला हात न लावता आधी संगणकाकडे वळलो.

निळ्या पडद्यावरच्या स्टॉप कोडच्या शेवटी ७बी होतं. विंडोज सुरू होते, पण ज्या डिस्कवर ती स्वतः बसली आहे तीच तिला सापडत नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी डिस्क गेली असं समजून नवी विंडोज टाकायला घेतात, आणि जुन्या यंत्राच्या बाबतीत ती फार महागात पडणारी चूक ठरते. सॉफ्टवेअरच्या मूळ सीडी, परवान्याचा क्रमांक, ड्रायव्हर हे सगळं हाताशी असेलच असं नाही. आम्ही आधी बायोस (संगणक सुरू होतानाच्या मूळ नोंदी) उघडलं. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं होतं. तिथेच उलगडा झाला.

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल काढून मल्टिमीटरने मोजला. ३ व्होल्टच्या जागी २.२ व्होल्ट. सेल संपला की वीज जाताच बायोसमधल्या नोंदी पुसल्या जातात आणि कारखान्यातल्या मूळ नोंदी परत येतात. आमच्या बोर्डाच्या मूळ नोंदींत साटा कंट्रोलर (डिस्क जोडणारा भाग) एएचसीआय पद्धतीवर आहे, तर एक्सपी बसवली होती ती आयडीई पद्धतीवर. एक्सपीच्या मूळ संचात एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो, म्हणून ७बी. सेल बहुधा खूप आधीच मेलेला होता. पण संगणक बंद असला तरी पॉवर सप्लाय बोर्डाला ५ व्होल्टची स्टँडबाय वीज देत राहतो आणि नोंदी तिच्यावर टिकतात. यूपीएसमुळे ती वीज आजवर कधी तुटलीच नव्हती. शनिवारी पहिल्यांदा तुटली.

बर्डीच्या बाजारातून नवा सेल आणला, साटा परत आयडीईवर केला, तारीख-वेळ दुरुस्त केली आणि विंडोज उघडली. तारीख विसरू नका. चुकीच्या तारखेने नमुने चालले तर फाइलींवर तीच तारीख बसते, आणि आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांच्या दर्जाचं मानक) च्या ऑडिटमध्ये त्याचं स्पष्टीकरण देत बसावं लागतं. आणखी एक गोष्ट मे महिन्यापुरती. त्या दिवसांत नागपूरची हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठून लोखंडी कपाटाला हात लावला तरी ठिणगी बसते. मदरबोर्ड किंवा यंत्राचा बोर्ड हाताळण्याआधी अर्थ केलेला मनगटी पट्टा बांधा. तो नसेल तर निदान कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात टेकवून ठेवा.

विंडोज उघडली म्हणून लगेच सॉफ्टवेअर सुरू केलं नाही. आधी डिस्कची नक्कल. डिस्क १६० जीबीची आणि बरीच जुनी. तिच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) ‘पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्य नव्हता, म्हणजे काही जागा वाचता येईनाशा झाल्या होत्या. अशा डिस्कची नक्कल विंडोजमधून करत नाहीत. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू वापरलं. हा प्रोग्रॅम पहिल्या फेरीत चांगला भाग भराभर उचलतो आणि अडखळणाऱ्या जागा सोडून पुढे जातो. दुसऱ्या फेरीत त्या सोडलेल्या जागा पुन्हा वाचायला लावायच्या, आम्ही तीन प्रयत्नांची मर्यादा ठेवली. कुठवर वाचून झालं याची नोंद तो मॅप फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल तिसऱ्याच पेन ड्राइव्हवर असू द्या, मध्येच वीज गेली तरी तिथून पुढे चालू करता येतं. पहिली फेरी तासाभरात झाली. शेवटी ४८ केबी वाचता आलं नाही. नशिबाने ते जुन्या डेटा फाइलींमधलं निघालं, सॉफ्टवेअरमधलं नव्हतं.

या कामात सगळ्यात मोठा धोका म्हणजे मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची अदलाबदल. कोरी डिस्क जुनीवर उतरली की सगळं संपलं. लिनक्समध्ये डिस्कना अक्षरं मिळतात आणि ती प्रत्येक वेळी तीच राहतील याची खात्री नसते. म्हणून दोन्ही डिस्कांचे सीरियल नंबर कागदावर लिहून घ्यायचे आणि पडद्यावर तेच दिसल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. नवी २४० जीबीची एसएसडी घेतली होती. नव्या डिस्कची क्षमता जुनीएवढी किंवा जास्त हवी, एक सेक्टरही कमी चालत नाही. एक्सपीची पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते, त्यामुळे एसएसडी पूर्ण वेगाने चालत नाही. या कामाला त्याने काही बिघडत नाही. फाइल सिस्टिमची तपासणी नकलेवर केली, मूळ डिस्कवर नाही. मूळ डिस्क तारीख लिहून कपाटात ठेवली.

एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. तरीही जुनं यंत्र चालवायला ती लागतेच, कारण त्या यंत्राचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. मग तो संगणक इंटरनेटला जोडायचाच नाही. डेटा बाहेर काढायचा पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासून घ्यायचा. आणि अँटिव्हायरस ठेवायचाच असेल तर त्याला डेटाचं फोल्डर वगळायला सांगा. नमुना चालू असताना तो फाइल पकडून ठेवतो आणि रन मध्येच तुटतो.

आता सॉफ्टवेअर उघडलं, तर यंत्राशी संपर्क नाही असा संदेश. आमच्या मांडणीत संगणकाचा पत्ता १०.१.१.१००, जीसीचा १०.१.१.१०१ आणि एमएसचा १०.१.१.१०२ असा आहे, सबनेट २५५.२५५.२५५.०. कमांड प्रॉम्प्टवरून दोघांनाही पिंग केलं, म्हणजे उत्तर मागणारा संदेश पाठवला. उत्तर नाही. पिंगचं उत्तर येत नसेल तर दोष केबल, स्विच, पत्ता किंवा यंत्रातलं लॅन कार्ड यांच्यातच असतो, सॉफ्टवेअर उलटंपालटं करून उपयोग नाही. पिंग चालतं पण सॉफ्टवेअर जोडत नाही, असं असेल तर फायरवॉल पाहायची. ज्या यंत्रांना पत्ता बूटपी सेवेतून मिळतो त्यांच्यासाठी यूडीपीचे ६७ आणि ६८ हे पोर्ट मोकळे लागतात.

आयपी कॉन्फिग पाहिलं तर दोन लॅन कार्डं दिसली आणि त्यातल्या एकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत होता. कार्डाला पत्ता देणारं कोणी भेटलं नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता घेते. बायोसच्या मूळ नोंदी परत आल्यामुळे बोर्डावरचं लॅन पुन्हा चालू झालं होतं. ते आम्ही पूर्वी मुद्दाम बंद करून वेगळं कार्ड लावलं होतं. सेल बदलताना केबल काढली होती आणि परत लावताना ती बोर्डावरच्या पोर्टमध्ये गेली. बोर्डावरचं लॅन बायोसमधून बंद केलं, केबल जागेवर लावली आणि दोन्ही पत्त्यांवरून उत्तर आलं. त्याच वेळी कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढून टाकली, संगणकाची स्लीप आणि हायबरनेटही बंद केली. रात्रभराच्या सीक्वेन्समध्ये पहाटे यंत्र सुटून गेल्याची तक्रार येते तेव्हा पहिल्यांदा हेच पाहावं.

तुमचं यंत्र त्याहून जुनं, जीपीआयबी (उपकरणं साखळीत जोडायची जुनी पद्धत) केबलचं असेल तर नियम वेगळे. एका साखळीत संगणक धरून १५ उपकरणं, केबलची एकूण लांबी २० मीटर आणि उपकरणामागे सरासरी २ मीटर, याच्या आत राहायचं. पत्ते ० ते ३० मधले आणि एकही दुसऱ्यासारखा नको. त्या केबलचे स्क्रू हाताने घट्ट आहेत ना हे बघा. एक सैल झाला तरी पूर्ण साखळी गप्प होते.

संपर्क जुळल्यावर व्हॅक्यूमचे आकडे दिसले. टर्बो १०० टक्के वेगावर होता, पण नेहमीपेक्षा जास्त वीज घेत होता. हेलियमचा प्रवाह मिनिटाला १.२ मिली असताना आमच्या गेजवर सहसा २ गुणिले दहाचा वजा पाचवा घात टॉर दिसतो. आता त्या २ च्या जागी ६ होता. फिलामेंट (सोर्समधली इलेक्ट्रॉन देणारी तार) लावण्याइतपत ठीक, पण फार वेळ नाही. गरम फिलामेंटला ऑक्सिजन मिळाला की ते लवकर जळतं. हवा-पाण्याची तपासणी केली. ट्यूनिंगसाठी, म्हणजे यंत्र जुळवायला, पीएफटीबीए हा ठरलेला द्रव वापरतात, त्याचा ६९ वस्तुमानाचा पीक १०० धरून बाकीचे पीक मोजले: १८ वर १४, २८ वर ७१, ३२ वर १६ आणि ४० वर १ च्या जवळपास.

हे चार आकडे वाचता आले की गळतीचं निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा थांबतो. १८ म्हणजे पाणी, २८ नायट्रोजन, ३२ ऑक्सिजन, ४० आर्गॉन, ४४ कार्बन डायऑक्साइड. नुकतंच उघडून बंद केलेल्या यंत्रात १८ सगळ्यात मोठा असतो, कारण आतल्या धातूला पाणी चिकटून राहतं. तासागणिक ते उतरतं, त्यात काळजीचं काही नाही. २८ जेव्हा १८ च्या वर असतो आणि २८ ला ३२ चं प्रमाण चार-साडेचारास एक येतं, तेव्हा ती बाहेरची हवाच आहे. आमचं प्रमाण ७१ ला १६. आर्गॉनचा छोटा पीकही हवेचीच साक्ष देतो. २८ मोठा पण ३२ नाहीच, असं दिसलं तर हवा नव्हे, नायट्रोजन कुठून येतोय ते शोधा, आधी वायूच्या जोडण्या आणि बदललेला सिलेंडर बघा. निरोगी यंत्रात २८ हा ६९ च्या १० टक्क्यांखाली आणि १८ हा २० टक्क्यांखाली असावा. २०७ आणि २८१ चे पीक दिसले तर तो कॉलमचा (नमुना जिच्यातून जातो त्या बारीक नळीचा) किंवा सेप्टमचा (इंजेक्टरवरच्या रबरी चकतीचा) सिलिकॉन आहे. १४९ म्हणजे प्लॅस्टिकमधला थॅलेट. ४३, ५७, ७१, ८५ अशी चौदाच्या अंतराने उतरत जाणारी माळ दिसली तर पंपाच्या तेलाकडे किंवा बोटांच्या तेलकटपणाकडे पाहा.

हवा आहे हे ठरलं, आता ती कुठून येते? कॉलमचा प्रवाह १.२ वरून ०.८ केला आणि पाच मिनिटं थांबलो. २८ ची उंची हलली नाही. इंजेक्टरच्या बाजूने, म्हणजे हेलियमबरोबर हवा येत असती तर प्रवाहाबरोबर ती कमी झाली असती. तेव्हा गळती व्हॅक्यूमच्या बाजूला. सेप्टम आणि लायनर (इंजेक्टरमधली काचेची नळी) बदलण्यात वेळ घालवायची गरज उरली नाही.

नेमकी जागा शोधायला इलेक्ट्रॉनिक्स साफ करण्याचा हवेचा डबा वापरला. डब्यावर टेट्राफ्लुओरोइथेन लिहिलेलं पाहून घ्या. काही डब्यांत डायफ्लुओरोइथेन असतो, तो पेट घेतो, गरम ओव्हनजवळ तो नको. टेट्राफ्लुओरोइथेनचे ६९ आणि ८३ हे पीक येतात. ६९ पीएफटीबीएचाही असतो, म्हणून कॅलिब्रेशनचा, म्हणजे पीएफटीबीए सोडणारा, व्हॉल्व्ह बंद ठेवून ८३ वर डोळा ठेवायचा. ओव्हन ४० अंशांवर आणला, ट्रान्सफर लाइन थंड होऊ दिली आणि डब्याच्या बारीक नळीने एकेका जोडावर एक सेकंद फवारत गेलो. हा वायू हवेपेक्षा जड, खाली उतरतो. म्हणून सुरुवात खालून करायची: रोटरी पंपाची नळी, बाजूच्या झाकणाची खालची कड, व्हेंट व्हॉल्व्ह, कॅलिब्रेशनची बाटली आणि शेवटी ओव्हनमधला ट्रान्सफर लाइनचा नट. दोन फवाऱ्यांमध्ये पंधरा-वीस सेकंद जाऊ द्या, नाही तर आधीच्या जागेचा वायू पुढच्या जागेवर ढकलला जातो.

फवारा आणि पडद्यावरची उडी यांच्यातला वेळही मोजा. व्हॅक्यूमच्या बाजूची गळती सेकंद-दोन सेकंदांत दिसते. इंजेक्टरच्या टोकाची गळती कॉलम पार करून येते. ३० मीटर लांबीच्या, ०.२५ मिमी व्यासाच्या कॉलमला त्यासाठी दीड मिनिटाच्या आसपास लागतं. आमच्याकडे ट्रान्सफर लाइनच्या नटवर फवारताच ८३ लगेच उसळला.

कारण समजण्यासारखं होतं. तिथलं फेरूल, म्हणजे कॉलमभोवती दाबून बसणारी कडी, वेस्पेल (एक टणक प्लॅस्टिक) आणि ग्रॅफाइटचं असतं, ८५ ला १५ प्रमाणात. ते तापून थंड होताना आक्रसतं. शनिवारी २८० अंशांवरून ते एकदम थंड झालं आणि रात्री वीज आल्यावर ओव्हन पुन्हा तापला. निव्वळ ग्रॅफाइटचं फेरूल आक्रसत नाही, पण त्याचे कण सुटून सोर्समध्ये जातात, म्हणून एमएसच्या टोकाला ते वापरत नाहीत. नट पान्याने एक अष्टमांश फेरा आवळला. २८ चा आकडा ७१ वरून ४० वर आला, पण लाइन तापवल्यावर संध्याकाळपर्यंत परत ६५ झाला. फेरूल पार चेपलं होतं. आणखी आवळलं असतं तर ते कॉलमवर रुतून बसलं असतं. आता व्हेंट करायला पुरेसं कारण होतं.

हीटर बंद करून सोर्स आणि क्वाड्रुपोल १०० अंशांखाली येईपर्यंत थांबलो, सुमारे दोन तास गेले. गरम सोर्सवर हवा सोडली तर धातू काळवंडतो. मग टर्बो बंद केला, वेग निम्म्याखाली आल्यावर व्हेंट व्हॉल्व्ह हळू उघडला. नवं फेरूल ०.४ मिमी छिद्राचं. आधी नट आणि फेरूल कॉलमवर चढवायचं, मगच कॉलमचं टोक सेंटीमीटरभर कापायचं, म्हणजे फेरूलमधून खरवडलेला चुरा टोकात राहत नाही. काप सरळ आला का ते भिंगातून बघायचं. टोक सोर्समध्ये १ ते २ मिमी बाहेर दिसलं पाहिजे. नट बोटांनी जाईल तेवढा, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही.

यंत्र उघडलंच होतं आणि मागच्या ट्यूनमध्ये इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरचा (डिटेक्टरचा) व्होल्टेज २६४० वर गेलेला, म्हणून सोर्सही साफ केला. रिपेलर आणि ड्रॉआउट प्लेट या सोर्सच्या भागांवर तपकिरी डाग होते. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढत सोर्स सुटा केला. फिलामेंट आणि चिनीमातीचे इन्सुलेटर बाजूला ठेवले, ते घासत नाहीत. धातूचे भाग बारीक अॅल्युमिना पावडर आणि मेथॅनॉलच्या लगद्याने कापसाच्या काडीने घासले. मग अल्ट्रासॉनिकमध्ये पाणी, मेथॅनॉल, ॲसिटोन आणि शेवटी हेक्सेन, प्रत्येकात पाच मिनिटं. पावडरचा कण राहिला तर तो नंतर वर्षभर त्रास देतो, म्हणून पाण्याची फेरी दोनदा केली. त्यानंतर १०० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास. इथून पुढे धागे न सुटणारे हातमोजे, उघडा हात नाही. जोडल्यावर मल्टिमीटरने रिपेलर आणि सोर्सच्या बॉडीमध्ये जोड नाही हे तपासा, आणि फिलामेंटच्या दोन टोकांमध्ये जोड आहे हेही. ही दोन मिनिटांची तपासणी राहून गेली तर चूक पाच तासांनी, पंप डाउन होऊन म्हणजे आतली हवा उपसून झाल्यावर कळते. क्वाड्रुपोलच्या दांड्यांना हात लावला नाही, कोणी लावूही नये. रोटरी पंपाचं तेल काळपट झालं होतं, तेही बदललं.

झाकण लावून पंप डाउन करताना ते सुरुवातीला हाताने दाबून धरायचं. व्हॅक्यूमच त्याला ओढून घेतं, स्क्रू फक्त आधाराला. चार तासांनी आकडे पाहिले: १८ वर ६२, २८ वर १९, ३२ वर ४. १८ चं समजण्यासारखं होतं. प्रयोगशाळेच्या बाहेरच्या व्हरांड्यात डेझर्ट कूलर चालतो, दार उघडलं की ओली हवा आत येते, आणि यंत्र दोन तास उघडं होतं. पण २८ आणि ३२ चं प्रमाण पुन्हा हवेचंच. डबा घेऊन पुन्हा खालून सुरुवात केली आणि झाकणाच्या खालच्या कोपऱ्यावर ८३ हलला. परत व्हेंट. ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कडीवर) कापसाच्या काडीचा एक धागा पडला होता. ही आमची चूक, सोर्सचे भाग घासायची जागा यंत्राच्या अगदी शेजारी होती. ओ-रिंग मेथॅनॉलने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली, खाचही पुसली, ग्रीस लावलं नाही. यावेळी दार बंद आणि यंत्र वीस मिनिटांत मिटवलं. रात्रभर पंप चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम ठीक, पण दुपारी दीडच्या सुमारास संगणकाचा यंत्राशी संपर्क तुटला. पाच मिनिटांनी आपोआप जुळला. तीनला पुन्हा. केबल बदलली, स्विच बदलला, फरक नाही. सॉफ्टवेअरची लॉगबुक मागे जाऊन वाचली तर एप्रिलच्या मध्यापासून अशा नोंदी होत्या, सगळ्या दुपारी एक ते चारमधल्या आणि रात्रीची एकही नाही. वेळ ठरलेली असेल तर दोष केबलमध्ये सहसा नसतो. यंत्राच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला. सकाळी फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ २.८. दुपारी दोनला फेज-न्यूट्रल २१४ आणि न्यूट्रल-अर्थ ७.४ व्होल्ट. हा दुसरा आकडा २ च्या आत हवा. यंत्र आणि संगणक वेगवेगळ्या सॉकेटवर होते, म्हणून त्यांच्या अर्थमध्येही फरक पडत होता. दुपारी इमारतीतले सगळे एसी आणि कूलर एकदम चालले की तो फरक लॅनच्या बोर्डापर्यंत पोचायचा.

अर्थिंगचा खड्डा इमारतीच्या मागे आहे. नागपुरातली काळी माती मे महिन्यात आक्रसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगच्या नळीभोवतीची माती नळी सोडून देते. झाकण काढून पाहिलं तर आत कोळसा आणि मीठ पार सुकलं होतं. दोन बादल्या पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन. इलेक्ट्रिशियनकडून खड्ड्यातला गंजलेला नट-बोल्ट बदलून घेतला. एमएस, जीसी आणि संगणक तिघांनाही एकाच यूपीएसच्या एकाच अर्थवर आणलं. पुढच्या दुपारी न्यूट्रल-अर्थ १.६ व्होल्ट आला आणि संपर्क तुटला नाही. हे काम दरवर्षी मार्चमध्येच करून घ्यायला हवं, ऊन चढण्याआधी. अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजायला वर्षातून एकदा सांगतच असाल, तर ती तारीख पावसाळ्यातली ठेवू नका. ओल्या मातीतला आकडा नेहमीच चांगला येतो.

याच निमित्ताने पंख्यांच्या जाळ्याही साफ केल्या. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं शहराच्या उत्तरेला आहेत, त्यांच्या राखेमुळे त्या बाजूच्या प्रयोगशाळांनी उन्हाळ्यात जाळ्या महिन्याला एकदा काढून धुवाव्यात. खोली ३५ अंशांवर गेली तर टर्बोचं तापमान वाढतं आणि तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. वरवर ते गळतीसारखंच दिसतं, पण २८ चा पीक वाढत नाही, त्यावरून ओळखायचं. आमच्याकडे दोन एसी आलटून-पालटून चालतात आणि खोली २५ च्या आसपास ठेवतात.

मग ऑटोट्यून, म्हणजे यंत्राची आपोआप जुळणी. ६९, २१९ आणि ५०२ हे तिन्ही पीक जागेवर, ०.१ च्या आत. निम्म्या उंचीवरची रुंदी ०.५८ ते ०.६१. समस्थानिकांचं प्रमाण: ७० हा ६९ च्या १.१ टक्के, २२० हा २१९ च्या ४.३ टक्के, ५०३ हा ५०२ च्या १०.० टक्के. कार्बन-१३ च्या हिशेबाने हे आकडे असेच यायला हवेत. ते बिघडले तर पीकची रुंदी किंवा डिटेक्टर यांच्यात गडबड असते. मल्टिप्लायरचा व्होल्टेज २६४० वरून १८६० वर आला. त्यानंतर कीडनाशकांचं प्रमाणित मिश्रण चालवून धारणवेळा (प्रत्येक घटक कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) जुन्या नोंदींशी जुळवल्या. कॉलम सेंटीमीटरभर कापल्याने त्या किंचित कमी झाल्या होत्या, मेथडमधल्या वेळेच्या खिडक्या तेवढ्या हलवल्या.

नवं फेरूल पहिल्या तापण्यातच थोडं आक्रसतं. म्हणून ओव्हन तीनदा कमाल तापमानापर्यंत नेऊन प्रत्येक वेळी थंड झाल्यावर नट जरा-जरासा आवळला. तिसऱ्या वेळी तो हललाच नाही. त्या रात्रीनंतर सकाळी १८ वर ९, २८ वर ३ आणि ३२ वर १ पेक्षा कमी होतं. हा अहवाल छापून यंत्राच्या कपाटाला आतून चिकटवला आहे. त्याच कपाटात जुनी डिस्क, एक जास्तीचा सीआर २०३२ सेल आणि बायोसच्या प्रत्येक पानाचे फोटो आहेत. पाऊस सुरू होईपर्यंत खड्ड्यात रोज सकाळी एक बादली पाणी चालू आहे.